संस्थांसाठी ऑनलाइन मतदान : ठाणे आणि नवी मुंबईतील सभासदांचे नेहमीचे प्रश्न

गृहनिर्माण संस्था, ग्रंथालये, ज्ञातिमंडळे, उद्योजकांच्या संघटना, क्रीडा मंडळे आणि कंपन्या या सर्वांनाच वर्षातून एकदा तरी सभासदांचे मत घ्यावे लागते. हे मतदान ऑनलाइन घ्यावे काय, असा विचार ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक संस्थांचे पदाधिकारी करीत आहेत. त्यांच्याकडून आणि सभासदांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जेथे कायद्याची मर्यादा आहे तेथे ती आवर्जून सांगितली आहे, कारण उत्साहाच्या भरात घेतलेले आणि पुढे रद्द ठरलेले मतदान संस्थेत वर्षानुवर्षांचे वैर सोडून जाते.

ऑनलाइन मतदानाचा संस्थेला सर्वांत मोठा फायदा कोणता?

वेळ आणि खर्च वाचतो हे खरे आहे, पण माझ्या मते तो मुख्य फायदा नाही. सभेला येऊ न शकणाऱ्या सभासदाला त्याचे मत परत मिळते, हा मुख्य फायदा आहे.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, सर्वसाधारण सभेची गणपूर्ती (सभा वैध होण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते. याचा अर्थ असा की, घोडबंदर रोडवरील तीनशे सदनिकांच्या संकुलात वीस सभासद जमले की सभा वैध होते, आणि तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब करून अर्ध्या तासाने उपस्थितांच्या बळावर पुढे चालवता येते. लिफ्ट बदलण्याचा, पार्किंगच्या वाटपाचा किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढण्याचा ठराव अशा सभेत मंजूर झाला, तर तो कायद्याने योग्य असतो, पण उरलेल्या शेकडो कुटुंबांना तो आपला वाटत नाही. मग वर्गणी थकते, तक्रारी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जातात आणि समितीचे प्रामाणिक लोकही कंटाळून राजीनामे देतात.

न येणारे सभासद बेफिकीर असतात असे मुळीच नाही. कोणी सकाळच्या लोकलने फोर्टला किंवा अंधेरीला जाऊन रात्री नऊला घरी पोहोचतो. कोणी महापे किंवा ऐरोलीत रात्रपाळी करतो. कोणी मुलाच्या बाळंतीण सुनेला मदत म्हणून चार महिने परदेशी असतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावयाची असल्याने ती बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते, म्हणजे नेमके ठाण्यातील निम्मे कोकणवासीय गणपतीला गावी गेलेले असतात तेव्हा. तीन दिवस खुले असलेले ऑनलाइन मतदान या सर्वांपर्यंत पोहोचते.

ठराव हात वर करून मंजूर करता येत असताना गुप्त मतदानाचा आग्रह कशासाठी?

कारण हात वर करताना माणूस आधी शेजारी पाहतो. ज्यांच्याशी जिन्यात रोज गाठ पडते त्या अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या समोर विरोधात हात वर करणे अनेकांना जड जाते, विशेषतः भरसभेत बोलण्याची सवय नसलेल्या महिला सभासदांना आणि नव्याने राहायला आलेल्यांना. गुप्त मतदानात हा दबाव राहत नाही. ऑनलाइन पद्धतीत, ती नीट उभारली असेल तर, अशी गुप्तता प्रत्येक लहानसहान ठरावालाही परवडते.

गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीची निवडणूक ऑनलाइन घेता येईल का?

केवळ समितीच्या ठरावावर घेऊ नये, असे स्पष्ट उत्तर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या संस्थांच्या समिती निवडणुकीची पद्धत कायद्याने आणि नियमांनी ठरवून दिलेली आहे. अडीचशेहून अधिक सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली होतात. अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या संस्थांना २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतः निवडणूक घेण्याची मोकळीक मिळाली, पण तीही नियमांच्या चौकटीतच. उमेदवारी अर्ज, छाननी, माघार, मतदान आणि मतमोजणी या क्रमात आपल्या सोयीने बदल करता येत नाही. म्हणून मतपत्रिकेऐवजी ऑनलाइन मत घ्यावयाचे असल्यास निवडणूक निर्णय अधिकाऱ्यामार्फत उपनिबंधक कार्यालयाकडे किंवा प्राधिकरणाकडे लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तोपर्यंत करण्यासारखे बरेच आहे. इमारतीचा रंग, सुरक्षारक्षकांची एजन्सी, सौरऊर्जा बसवावी की नाही, क्लब हाऊसच्या वेळा, दुरुस्तीच्या तीन निविदांपैकी पसंती, अशा विषयांवर सभासदांचा कौल ऑनलाइन घेऊन तो सर्वसाधारण सभेसमोर ठेवता येतो. ठराव सभेतच मंजूर होतो, मात्र सभेला बसलेल्या वीस जणांना बाकीच्या दोनशे ऐंशी जणांचे मत आधी कळलेले असते.

पुनर्विकासाच्या निर्णयासाठी ही पद्धत वापरावी का?

अंतिम निर्णयासाठी नाही. नौपाड्यातील जुन्या इमारती असोत की वाशी-नेरुळमधील सिडकोच्या काळातील वसाहती, पुनर्विकासात सभासदाचे आयुष्यभराचे घर पणाला लागलेले असते. त्यामुळेच ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने विकासक निवडण्याच्या विशेष सभेचे चित्रीकरण आणि निबंधकांच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची उपस्थिती यांसारख्या अटी घातल्या आहेत. त्या अटींना ऑनलाइन मतदान हा पर्याय नाही. त्याआधीच्या टप्प्यांवर, म्हणजे वास्तुविशारद कोणता हवा, सदनिकेच्या क्षेत्रफळाला प्राधान्य की कॉर्पस निधीला (विकासकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेला), भाडे किती अपेक्षित आहे, हे जाणून घेण्यासाठी मात्र गुप्त ऑनलाइन कौल अत्यंत उपयोगी पडतो. अनेक सभासदांचे खरे मत तेथेच प्रथम बाहेर येते.

ग्रंथालय, सांस्कृतिक मंडळ किंवा ज्ञातिसंस्था यांना मोकळीक अधिक आहे का?

होय, बरीच अधिक आहे. अशा संस्था बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोहोंखाली नोंदलेल्या असतात, आणि त्यांची निवडणूक त्यांच्या स्वतःच्या घटनेप्रमाणे चालते. घटनेत मतदान केवळ प्रत्यक्ष हजर राहून करावे असे लिहिले असेल, तर प्रथम रीतसर घटनादुरुस्ती करावी. नवीन कार्यकारिणी निवडून आल्यावर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे झालेल्या बदलाचा अहवाल, दाखल करावा लागतो, आणि त्याला हरकत आली की निवडणुकीचा प्रत्येक कागद तपासला जातो, हे लक्षात ठेवावे.

ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे. या शहराला संस्था चालवण्याची जुनी सवय आहे. जुन्या संस्थांचे आजीव सभासद मात्र आज डोंबिवलीपासून डल्लासपर्यंत पसरलेले असतात, आणि ऑनलाइन मतदानाचा लाभ सर्वाधिक कोणाला होत असेल तर तो अशाच संस्थांना.

सिडकोने बांधलेल्या कंडोमिनियममध्ये प्रत्येकाचे मत सारखे नसते. ते ऑनलाइन कसे मोजणार?

सहकारी संस्थेत एक सभासद, एक मत असते. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालील असोसिएशनमध्ये, म्हणजेच कंडोमिनियममध्ये, मात्र सामाईक क्षेत्रातील हिश्श्याच्या टक्केवारीप्रमाणे मताचे वजन ठरते. कागदी मतमोजणीत हे गणित मांडताना चुका आणि वाद दोन्ही होतात. येथे संगणक निर्विवाद उपयोगी ठरतो, पण प्रत्येक सदनिकेची टक्केवारी नोंदणीकृत घोषणापत्रावरूनच भरावी आणि मतदानापूर्वी सर्वांना दाखवावी. एक अडचण मात्र आहे. एखाद्याच मालकाची टक्केवारी वेगळी असेल तर एकूण बेरजेवरून त्याचे मत ओळखता येते, म्हणून प्रणाली निकाल किती तपशिलाने दाखवते ते आधी ठरवून घ्यावे.

भारतात ही पद्धत कायद्याने कोठे रुळली आहे?

कंपन्यांमध्ये. कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १०८ आणि २०१४ च्या नियमांतील नियम २० यांप्रमाणे शेअर बाजारात नोंदणी असलेल्या किंवा किमान एक हजार भागधारक असलेल्या कंपन्यांना ई-मतदानाची सोय द्यावीच लागते. एनएसडीएल आणि सीडीएसएल या मुंबईतील दोन डिपॉझिटरींमार्फत, म्हणजे शेअर डिजिटल रूपात सांभाळणाऱ्या संस्थांमार्फत, हे काम मोठ्या प्रमाणावर चालते.

या नियमातील रचना इतर संस्थांनीही जशीच्या तशी उचलावी इतकी विचारपूर्वक केलेली आहे. मतदान किमान तीन दिवस खुले राहते आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाच वाजता बंद होते. मतदारयादी एका निश्चित तारखेला गोठवली जाते. घरबसल्या मत दिलेला भागधारक सभेला येऊ शकतो, बोलू शकतो, पण पुन्हा मत देऊ शकत नाही. मतमोजणीवर देखरेख करणारा परिनिरीक्षक कंपनीच्या नोकरीतील नसतो, आणि तो दोन बाहेरच्या साक्षीदारांसमोर मते उघडतो. या दोन साक्षीदारांची अट मला विशेष मोलाची वाटते, कारण संगणकाने केलेली मोजणीही डोळ्यांसमोर व्हावी लागते, हे त्या नियमाने ओळखले आहे.

तयारीत सर्वाधिक काळजी कशाची घ्यावी?

मतदारयादीची. बाकी सर्व कामे पैसे देऊन करून घेता येतात, हे एक काम संस्थेलाच करावे लागते.

संस्थेचे दप्तर उघडून ‘जे’ नमुन्यातील सभासदांची यादी समोर ठेवा आणि एक सदनिका घ्या. भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) पहिले नाव पतीचे, दुसरे पत्नीचे आहे. कार्यालयातील वहीत लिहिलेला मोबाइल क्रमांक मुलीचा आहे, कारण देखभाल खर्च तीच भरते. ईमेल पतीचा आहे, पण तो जुन्या कंपनीचा असून निवृत्तीनंतर बंद झाला आहे. सहकार कायद्याप्रमाणे संयुक्त सभासदांत पहिल्या नावाच्या व्यक्तीला मताचा हक्क असतो, आणि तिच्या अनुपस्थितीत दुसऱ्या नावाला. मग मतदानाचा दुवा जाणार कोणाला? वहीतील क्रमांकावर तो पाठवला, तर या घराचे मत सभासद नसलेली व्यक्ती देईल आणि हरलेला उमेदवार एवढ्या एका मुद्द्यावर संपूर्ण मतदान आव्हानित करील.

अशा घरांखेरीज मयत सभासदांची नावे असतात, विक्री होऊनही भागपत्र हस्तांतरित न झालेल्या सदनिका असतात, आणि दोन सदनिकांना एकच क्रमांक दिलेला असतो. म्हणून मतदानाच्या किमान महिनाभर आधी प्रारूप यादी सूचना फलकावर लावावी, हरकती मागवाव्यात, प्रत्येक सभासदाकडून स्वतःच्या सहीने मोबाइल आणि ईमेल लिहून घ्यावा आणि मग यादी गोठवावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते झाले की संस्थेला तिचे दप्तर अनेक वर्षांनी प्रथमच खरे झालेले दिसते. ऑनलाइन मतदान पुढे रद्द करावे लागले तरी हा लाभ संस्थेकडे राहतो.

वडिलांना मोबाइल जमत नाही. त्यांचा ओटीपी घेऊन मुलाने मत दिले तर चालेल का?

नाही. सहकारी संस्थेत मत स्वतः द्यावयाचे असते, ते प्रतिनिधीमार्फत देता येत नाही. मुलाने ओटीपी घेऊन बटण दाबणे म्हणजे वडिलांचे मत मुलाने देणे होय.

परंतु नियम सांगून थांबणे पुरेसे नाही, ज्येष्ठांची अडचण खरी आहे. सहा आकडी ओटीपीचा संदेश स्क्रीनच्या वरच्या कडेला क्षणभर येतो, चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत नाहीसा होतो, आणि संदेशांच्या यादीत तो शोधून परत मतपत्रिकेवर यावे तर तिची मुदत संपलेली असते. सभासद दोनदा प्रयत्न करतो आणि मग फोन मुलाच्या हाती देतो. यावर उपाय प्रणालीतच हवेत. ओटीपीची मुदत दहा मिनिटे असावी, अक्षरे मोठी असावीत, मतपत्रिका मराठीत असावी, आणि मत नोंदवण्यापूर्वी निवड पुन्हा एकदा दाखवली जावी. मतदानाच्या दिवसांत संस्थेच्या कार्यालयात पडद्याआड एक संगणक ठेवावा, मदतनीस पडद्याबाहेर उभा राहावा, आणि ज्यांना कागदच हवा त्यांना मतपत्रिका व मतपेटी उपलब्ध असावी. कागदावर मत देणाऱ्याचे नाव ऑनलाइन यादीतून त्याच क्षणी बंद व्हायला हवे, एवढी एकच दक्षता तेथे लागते.

परदेशातील सभासदांना भारतीय एसएमएस अनेकदा पोहोचत नाहीत, त्यांना ईमेलनेच दुवा पाठवावा. भारतातही संदेशाचे शीर्षक आणि मजकूर दूरसंचार कंपन्यांकडे आधी नोंदवावा लागतो, त्यामुळे ही तयारी आदल्या दिवशी होत नाही.

कोणी कोणाला मत दिले हे सचिवांना किंवा सॉफ्टवेअर कंपनीला कळेल का?

प्रणाली वाईट असेल तर कळेल. म्हणून हा प्रश्न प्रत्येक सभासदाने विचारलाच पाहिजे.

चांगल्या प्रणालीत दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या जातात. एका नोंदीत मत देणाऱ्यांची नावे असतात, दुसऱ्या नोंदीत कूटबद्ध केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, मते असतात, आणि दोहोंना जोडणारा धागा ठेवला जात नाही. मते उघडण्याची किल्लीही एका माणसाकडे नसते. ती विश्वस्तांत वाटली जाते, म्हणजे उदाहरणार्थ निवडणूक अधिकारी, एक ज्येष्ठ सभासद आणि बाहेरचा एक वकील अशा तिघांकडे, आणि मतदान संपल्यावर ते एकत्र आल्याखेरीज निकाल दिसत नाही.

किल्ली वाटताना एक गोष्ट विसरू नये. कूटशास्त्राच्या संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएसीआर, हेलिओस नावाच्या प्रणालीवर आपली निवडणूक घेते. २०२५ च्या निवडणुकीत तिघांपैकी प्रत्येकाची किल्ली आवश्यक ठेवलेली होती, एका विश्वस्ताची किल्ली हरवली आणि मते कायमची बंद राहिल्याने निवडणूक नव्याने घ्यावी लागली. त्यानंतर तिघांपैकी दोन किल्ल्या पुरेशा ठरवण्यात आल्या. या विषयातील जगातील जाणत्यांवर जी वेळ आली ती कोपरखैरण्यातील मंडळावरही येऊ शकते, म्हणून तिघांपैकी दोघे ही व्यवस्था आरंभापासूनच ठेवावी.

ऑनलाइन मतदान हॅक होणार नाही याची खात्री काय?

पूर्ण खात्री कोणीही देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून प्रणाली घेऊ नये. २०१० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहराने आपली इंटरनेट मतदान प्रणाली चाचणीसाठी खुली केली, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या चमूने ४८ तासांत तिचा ताबा घेऊन दिलेली मते बदलून दाखवली. लोकसभा आणि विधानसभेसाठी आपल्याकडे इंटरनेटवर मत देता येत नाही आणि मतदान यंत्रे इंटरनेटला जोडलेली नसतात, त्यामागे हीच सावधगिरी आहे. जून २०२५ मध्ये बिहारमध्ये मात्र नगरपालिका निवडणुकांत मोबाइल ॲपद्वारे मत देण्याचा पर्याय दिला गेला. एस्टोनियात २००५ पासून ऑनलाइन मत देता येते, आणि कोणी दबाव आणून मत घेतले तर मतदाराला मुदतीत ते बदलता येते.

संस्थेच्या मतदानात धोका निराळ्या आकाराचा असतो. पाचशे सभासदांच्या मंडळासाठी परदेशी हॅकर येत नाही, पण यादी हाताळणारा कार्यकर्ता, ओटीपी गोळा करणारा उमेदवार आणि निकाल आधी पाहू शकणारा पदाधिकारी हे धोके खरे असतात. त्यांवरचा उपाय तांत्रिक कमी आणि शिस्तीचा अधिक आहे. प्रत्येक मतदाराला पावती क्रमांक मिळावा, मतदान संपल्यावर सर्व क्रमांकांची यादी जाहीर व्हावी आणि आपला क्रमांक त्यात आहे की नाही हे प्रत्येकाला पाहता यावे. पावतीवर मत कोणाला दिले ते मात्र कधीही छापलेले नसावे, अन्यथा मत विकत घेणाऱ्याला पुरावा आयताच मिळतो.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल घेतला तर तेवढेच काम फुकट होत नाही का?

होत नाही. त्या पोलमध्ये कोणी काय निवडले ते सर्वांना दिसते, एका घरातील तिघे मत देतात, भाडेकरूही देतात, आणि ग्रुपबाहेरच्या सभासदाला पत्ताच लागत नाही. सहलीचा दिवस ठरवण्यास तो ठीक आहे.

कागदी मतपत्रिकेपेक्षा मोजणीत काय सुधारते?

बाद मते जवळजवळ नाहीशी होतात. समितीच्या निवडणुकीत सर्वसाधारण जागा, महिलांच्या जागा आणि राखीव जागा एकाच मतपत्रिकेवर असतात, आणि पाचऐवजी सहा नावांपुढे फुली मारल्याने कित्येकांचे मत फुकट जाते. ऑनलाइन मतपत्रिका सहावी खूण स्वीकारतच नाही. कोणीही पसंत नसल्यास कोरे मत देण्याची सोयही ठेवता येते. निकाल मिनिटांत लागतो, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या फेरमोजण्या टळतात.

खर्च किती येतो?

तो सभासदसंख्येवर, संदेशांच्या संख्येवर आणि परिनिरीक्षकाच्या मानधनावर अवलंबून असतो. टपालाने मतपत्रिका पाठवणाऱ्या संस्थांची बचत ठळक असते. चाळीस सदनिकांच्या एका इमारतीला मात्र कागद आणि पेटीच स्वस्त पडते, आणि तिने उगाच ऑनलाइनच्या मागे लागू नये.

निकालानंतर नोंदींचे काय करावे?

गोठवलेली मतदारयादी, तिच्यावरील हरकती आणि त्यांचे निर्णय, परिनिरीक्षकाचा अहवाल, कूटबद्ध मतांची प्रत आणि साक्षीदारांच्या सह्या हे सर्व सीलबंद करून दप्तरात ठेवावे. निवडणुकीला आव्हान देण्याची मुदत संपेपर्यंत आणि वाद दाखल झाल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत त्यातील काहीही नष्ट करू नये. सॉफ्टवेअर कंपनीकडे गेलेले मोबाइल क्रमांक आणि ईमेल ही सभासदांची वैयक्तिक माहिती आहे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अशाच माहितीच्या रक्षणासाठी केलेला आहे. म्हणून ती माहिती दुसऱ्या कशासाठीही वापरणार नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुसून टाकील, असे कंपनीकडून कामाचा आदेश देतानाच लिहून घ्यावे, आणि पुसल्याचे पत्र आल्यावरच शेवटचे बिल चुकते करावे.